चेकलिस्ट घेऊन पवनचक्कीवर सहा दिवस

आधीच सांगतो, मी काही टेक्निशियन नाही. माझं काम कागदावरचं. मशिनींच्या सर्व्हिसच्या चेकलिस्ट लिहायच्या, म्हणजे कुठला नट बघायचा, काय मोजायचं, सही कुठे करायची हे हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एका नजरेत कळेल असं मांडायचं. पवनचक्कीच्या वार्षिक सर्व्हिसची लिस्ट माझ्याकडे सुधारायला आली ती 140 ओळींची होती आणि जवळपास प्रत्येक ओळीपुढे एकच रकाना, ‘ठीक’. जुन्या भरलेल्या लिस्ट मागवल्या तर वरपासून खालपर्यंत टिकमार्क, एकाच पेनाने एका झोकात मारलेले. म्हटलं हे खुर्चीत बसून नाही जमायचं, एकदा बरोबर जाऊन बघू हे ‘ठीक’ ठरतं तरी कसं. परवानगी मिळाली पण आधी मेडिकल आणि उंचीवर काम करायचं ट्रेनिंग पूर्ण करा म्हणाले. ते केलं. त्यात दोरावरून स्वतःला खाली सोडायचं असतं आणि बेशुद्ध माणसाला, म्हणजे त्याच्या वजनाच्या बाहुल्याला, खाली आणायचं असतं, त्या फजितीबद्दल पुन्हा कधीतरी.

दिवस पहिला

पठारावर पोचेपर्यंत दुपार झाली. लांबून पवनचक्क्या अगदी निवांत वाटतात, वेळच वेळ असल्यासारख्या गिरक्या घेत उभ्या. बुंध्याशी जाऊन उभं राहिलं की मात्र तो सूं... सूं... आवाज येतो आणि मान आपोआप खांद्यात जाते. आमचं मशीन (इथे पवनचक्की कोणी म्हणत नाही, मशीनच म्हणतात) 2 मेगावॅटचं, टॉवर 80 मीटर, पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास 90 मीटर. मिनिटाला 15 फेरे म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण हिशोब करून बघा, पात्याचं टोक सेकंदाला 70 मीटर कापतंय, ताशी 250 किलोमीटरच्या वर.

टीम तिघांची. दादा लीड, 14 वर्षं हेच काम करतायत. ताई इलेक्ट्रिकलच्या. आणि एक नवीन पोरगा, सहा महिने झालेला, सगळ्यात जास्त उत्साह त्याला. दादांनी मला पहिल्या मिनिटापासून ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली, त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त आहे हे कळत होतं.

माझी समजूत अशी की सर्व्हिस म्हणजे आधी मशीन बंद करायचं. पण ताई तर चालू मशीनच्या पॅनलसमोर थर्मल कॅमेरा घेऊन उभ्या. म्हटलं आधी बंद नाही करायचं का, तर म्हणाल्या, “बंद केल्यावर सगळंच थंड, मग मला दिसणार काय?” बरोबरच आहे, केबलचा जोड ढिला असला की तिथे रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की उष्णता, आणि ती दिसते फक्त लोड असताना. ट्रान्सफॉर्मरचे तीन फेज कॅमेऱ्यात शेजारीशेजारी बघायचे, तिन्ही सारखेच तापले असतील तर चिंता नाही, एकटाच जास्त लालभडक असेल तर तिथे काहीतरी शिजतंय. माझ्या लिस्टमध्ये ही ओळ 31 नंबरला होती, मशीन बंद करायच्या ओळीच्या खाली. म्हणजे लिस्टप्रमाणे चालणारा माणूस थंड जोडाचा फोटो काढून ‘ठीक’ लिहिणार! ही पहिली चूक पहिल्या अर्ध्या तासात सापडली, आणि ती जुन्या कोणाची होती हे बरं, माझी असती तर दादांनी सहा दिवस सोडलं नसतं.

मग फाउंडेशनभोवती फिरून काँक्रीटला भेगा बघणं, अर्थिंगच्या पट्ट्या, दाराचं रबर, हवेचा फिल्टर. हे सगळं भराभर झालं. मशीन थांबवताना दादांनी स्टॉपचं बटण दाबलं, पाती आपापल्या बुडाशी फिरून वाऱ्याला कडेने उभी राहिली आणि अख्खा रोटर, म्हणजे तिन्ही पात्यांचं फिरणारं चाक, एखाद्या मिनिटात सुस्तावला. पूर्ण थांबला मात्र नाही, हळूहळू फिरतच राहिला. मी विचारलं ब्रेक नाही लावायचा का. दादा हसले. ब्रेक असतो, गिअरबॉक्सच्या मागच्या वेगवान शाफ्टवर डिस्क असते, पण तो थांबलेल्याला धरून ठेवायला. एवढं मोठं धूड धावत असताना रोज ब्रेक मारून थांबवलं तर गिअरचे दात किती दिवस टिकतील? खरा ब्रेक म्हणजे पातीच, तिघांतलं एक जरी वळलं तरी मशीन आवरतं अशीच रचना असते. आणि काम नसेल तेव्हा रोटर जखडून ठेवण्यापेक्षा असा रेंगाळत फिरू दिलेला बरा, कारण बेअरिंग एकाच जागी उभं राहून थरथरत राहिलं तर त्याच जागी वळ उमटतात.

त्यानंतर कुलुपं. कंट्रोल रूममधून कोणी चुकून मशीन सुरू करू नये म्हणून पॅनल लोकलवर टाकायचं, ब्रेकर उघडून त्याला कुलूप आणि नावाची पाटी. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. मलाही एक मिळालं. माझं कुलूप काढल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही ही कल्पना जरा जडच वाटली.

दिवस दुसरा

आज चढायचं. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, माणूस आणि बॅग कशीबशी मावेल एवढी, पण लिफ्टचीच वार्षिक तपासणी व्हायची होती, म्हणून शिडी. पायऱ्यांमधलं अंतर 28 सेंटीमीटर, 80 मीटरला भागा, पावणेतीनशेच्या वर पायऱ्या होतात आणि सरळ उभ्या, जिन्यासारख्या तिरक्या नाहीत. छातीला अडकवलेला फॉल अरेस्टर शिडीच्या रेलवरून आपल्याबरोबर सरकतो, पाय सुटला की तो जागच्या जागी लॉक होतो. हे डोक्याला माहीत असतं, पण हातांना ते पटत नाही. पहिल्या प्लॅटफॉर्मपर्यंत मी शिडी अशी आवळून धरली होती की मनगटं भरून आली. खालून दादांचा आवाज, “साहेब, पायांनी चढा, हात फक्त तोल सांभाळायला.” त्यानंतर जरा जमलं. दर प्लॅटफॉर्मवर झाकण उघडायचं, वर यायचं, दुसरा लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला सुरक्षेचा दोर) अडकवायचा, मगच पहिला काढायचा आणि मागचं झाकण बंद करायचं. झाकण उघडं ठेवून पुढे गेलेल्या माणसाला इथे शिव्या बसतात, कारण वरून एक साधा पाना सुटला तर 80 मीटर खाली तो डोक्यात जायला जेमतेम चार सेकंद लागतात. वर प्रत्येक हत्याराला दोरी असते त्याचं कारण हेच.

पोरगा बारा मिनिटांत वर, मला लागली पंचवीस. वर पोचून खाली बसलो तर जमीन हलत होती. भास वाटला, पण नाही, खरंच हलत होती, तीन-साडेतीन सेकंदांत एक हेलकावा, होडीत बसल्यासारखं. आणि गंमत म्हणजे मशीन चालू असताना टॉवर कमी डोलतो, कारण फिरणारी पाती वाऱ्यातच त्या डोलण्याला आवर घालतात. बंद मशीनच्या डोक्यावर बसायचं म्हणजे डोलणं आलंच. ताई म्हणाल्या पहिल्या वर्षी त्यांना रात्री झोपेतही पलंग हलतोय असं वाटायचं.

ह्या डोक्याला नॅसेल म्हणतात. आत गेल्यावर पुढून मागे असं दिसतं: रोटरचा जाडजूड शाफ्ट आणि त्याचं मुख्य बेअरिंग, मग गिअरबॉक्स, ब्रेक डिस्क, कपलिंग आणि शेवटी जनरेटर. रोटरचे 15 फेरे गिअरबॉक्समध्ये साधारण शंभरपट होऊन मागे जनरेटरला 1500 मिळतात. उभं राहायला जागा आहे, पण सरळ उभं राहायला नाही. सगळीकडे तेलाचा वास. दादांनी आधी दाखवलं ते मशीन नव्हतंच, एक पिवळी पेटी दाखवली, तिच्यात दोर आणि उतरायचं यंत्र. कोणी हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकला तर पायातलं रक्त पायातच साचत जातं, काही मिनिटांतच प्रकरण गंभीर होऊ शकतं, खालून गाडी यायची वाट बघायला वेळ नसतो, म्हणून आपल्या माणसाला आपणच उतरवायचं आणि म्हणूनच वर कधीही एकट्याने जायचं नाही. पेटीचं सील आणि तारीख दादांनी वाचली, मोठ्याने, आणि पोराकडून परत वाचून घेतली.

मग तेल. गिअरबॉक्समध्ये काही शे लिटर तेल असतं आणि ते दर सर्व्हिसला बदलत नाहीत, त्याची फक्त बाटलीभर परीक्षा घेतात. सॅम्पल काढायचीही एक पद्धत आहे. तेल कोमट असतानाच काढायचं, थंड झालं की कण खाली बसतात आणि सॅम्पल खोटं चांगलं येतं. नळातून पहिलं येणारं तेल फेकायचं, कारण ते पाइपमध्ये मेलेलं असतं. पोराने बाटली भरली, दादांनी ती ओतून दिली आणि म्हणाले परत. कारण? झाकण त्याने ग्रीसच्या हातमोज्याने धरलं होतं. “लॅब सांगेल गिअरबॉक्स झिजला, झिजला असेल तुझा हातमोजा.” लॅबमध्ये ह्या तेलात लोखंडाचे कण किती, पाणी किती, घट्टपणा उतरला का हे बघतात. गाडीच्या डॉक्टरपेक्षा रक्ततपासणीवाल्यासारखं काम आहे हे.

तेलाचा जुना फिल्टर काढला तेव्हा दादांनी त्याची घडी उलगडून टॉर्च तिरका धरला. बारीक काळपट चिखल म्हणजे नेहमीची झीज. चमचमणारे कण दिसले, त्यातही चपटे, तर समजायचं कुठेतरी दाताचा किंवा बेअरिंगचा पापुद्रा सुटतोय. आमच्यात चिखलच होता. मग एंडोस्कोप, पेनाएवढा कॅमेरा गिअरबॉक्सच्या झाकणातून आत सोडून एकेक दात स्क्रीनवर. मला सगळे दात सारखेच चकाकते दिसले. दादांनी एका ठिकाणी बोट ठेवलं, तिथे चकाकी जाऊन राखाडी धूसर पट्टा आला होता, काचेवर फुंकर मारल्यासारखा. मायक्रोपिटिंग, म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर पडलेले अगदी बारीक खड्डे. आज काही नाही, पण फोटो काढून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी त्याच दाताचा फोटो शेजारी ठेवायचा. मी लिस्ट उघडली, तिथे ‘गिअर दात तपासले: ठीक’. ह्या राखाडी पट्ट्याला आता ठीक म्हणायचं का नाही? दादा म्हणाले, “ठीकच आहे. पण कुठल्या दाताला ठीक म्हटलं ते लिहायला तुमच्या कागदावर जागा कुठंय?”

ग्रीसचं काम पोराचं. मुख्य बेअरिंगला ग्रॅममध्ये मोजून ग्रीस द्यायचं. मला वाटायचं वंगण जास्त झालं तर काय बिघडतं, तर बरंच बिघडतं, जास्त ग्रीस आत घुसळून तापतं आणि सील ढकलून बाहेर येतं, मग त्याच वाटेने धूळ आत. जनरेटरच्या मागे ताईंनी कार्बन ब्रशची (फिरत्या भागाला टेकून वीज नेणारे कार्बनचे ठोकळे) लांबी मोजली, दोन खुणेच्या जवळ आले होते ते बदलले, आणि त्या ब्रशचं काळं पीठ व्हॅक्यूमने ओढून घेतलं, कारण कार्बन वीज वाहतो आणि ते पीठ भलत्या ठिकाणी साचलं की करंटला नवीन वाट मिळते. संध्याकाळी उतरताना माझे पाय शिलाई मशीनसारखे थडथडत होते. मशीन परत चालू करून दिलं, रात्रीचा वारा फुकट का घालवायचा.

दिवस तिसरा

आज बोल्ट. सगळ्यात कंटाळवाणा दिवस म्हणून मला आधीच सांगितलं होतं, आणि सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो हाच.

टॉवर म्हणजे एक अखंड नळी नसते, तीन-चार तुकडे एकावर एक ठेवून आतल्या बाजूने फ्लँजला, म्हणजे तुकड्याच्या टोकाच्या जाड कड्याला, बोल्ट मारलेले असतात. आमच्या दुसऱ्या फ्लँजला 120 बोल्ट, एम36, म्हणजे 36 मिलिमीटर जाडीचे. आवळायचा टॉर्क सुमारे 2800 न्यूटन-मीटर, गाडीच्या चाकाचा नट साधारण 100 ते 120ला आवळतात त्यावरून अंदाज करा, हे हाताच्या पान्याचं काम नाही, हायड्रॉलिक रेंच लागतो. एवढं आवळायचं कशाला, तर बोल्ट आवळला म्हणजे तो स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि दोन फ्लँज एकमेकांवर दाबून धरतो. जोवर तो दाब आहे तोवर वाऱ्याने टॉवर कितीही डोलला तरी प्रत्येक हेलकाव्याचा थोडासाच भाग बोल्टच्या वाट्याला येतो. ताण उतरला की तोच बोल्ट प्रत्येक हेलकाव्याला ताण-ढील ताण-ढील खात बसतो, आणि लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडतात तसा एक दिवस तुटतो. नवीन मशीनचे बोल्ट पहिल्या काही महिन्यांत परत आवळतात त्याचंही कारण हेच, रंगाचा थर, पृष्ठभागाचे बारीक उंचवटे दबून बसतात आणि ताण थोडा उतरतो.

नंतरच्या वर्षांत सगळे आवळत नाहीत, दहा टक्के तपासतात. 120चे 12. त्यातला एक जरी फिरला तर मग अख्खा फ्लँज. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर नटापासून फ्लँजपर्यंत मार्करने सरळ रेघ मारलेली असते, नट हलला तर रेघ तुटते. पोरगा टॉर्च घेऊन रेघा बघत गोल फिरत होता, मी मागे लिस्ट घेऊन. तो एका बोल्टपाशी थांबला, पुढे गेला, परत मागे आला.

त्या रेघेत मला काहीच दिसलं नाही. खरं सांगतो, मी एकटा असतो तर टिक मारून पुढे गेलो असतो. नीट बघितल्यावर नटावरची रेघ आणि फ्लँजवरची रेघ यांच्यात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. मार्कर जाड होता, कदाचित मारतानाच वाकडी मारली असेल, असंही म्हणता आलं असतं, आणि तो बोल्ट आमच्या बारात नव्हताच. पोराने दादांना हाक मारली. दादांनी काही न बोलता रेंच लावायला सांगितलं, आणि नट फिरला. थोडासाच, पण फिरला.

आता 120च्या 120. एकेका बोल्टला रेंच बसवायचा, बोटं बाजूला घ्यायची (ह्या रेंचच्या हाताखाली बोट आलं तर बोट राहत नाही, म्हणून बटणवाला आणि बसवणारा एकमेकांशी बोलल्याशिवाय काही दाबत नाहीत), दाब द्यायचा, जुनी रेघ पुसायची, नवीन मारायची. दोन-तीन मिनिटं एकाला. प्लॅटफॉर्मवर गुडघे मुडपून, पंपाच्या आवाजात. साठ-सत्तरनंतर कोणी बोलेना. एकूण तीन फिरले, तिघे शेजारीशेजारीच, बाकी 117 आपल्या जागी ठाम. सात वाजले. मला वाटलं होतं पोरगा वैतागेल, आपणच काम ओढवून घेतलं म्हणून, तर तो उतरताना विचारत होता की शेजारीशेजारीच का फिरले असतील, मागच्या वेळी तिथे रेंच नीट बसला नसेल का, शिडी आड येते ना तिथे. दादा म्हणाले असू शकेल. आणि हो, बाकी दिवस ते मला साहेब म्हणाले नाहीत, का ते माहीत नाही, बहुतेक मीही तीसेक बोल्टवर रेघा मारल्या म्हणून.

दिवस चौथा

वारा. सकाळीच 16-17 मीटर प्रतिसेकंद, आणि आमची मर्यादा वर चढायला 15, हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या पुढच्या गोळ्यात, शिरायला 12. प्रत्येक मॉडेलचे हे आकडे वेगळे असतात पण आकड्याशी घासाघीस कोणीच करत नाही. म्हणून दिवसभर बसून. हे लोक वाऱ्यावर जगतात आणि सर्व्हिसच्या दिवसांत वारा पडायची वाट बघतात, शेतकऱ्याने ऐन सुगीत पावसाकडे बघावं तसं.

आमचं मशीन मात्र खुशीत होतं. स्क्रीनवर पूर्ण 2 मेगावॅट. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट, म्हणून 12-13च्या पुढे पाती उलट थोडी वळवून जास्तीचा वारा सोडून द्यावा लागतो आणि 25च्या वर मशीन सरळ थांबतं. आणि आहे त्या वाऱ्यातलंही सगळं मिळत नाहीच, 59.3 टक्क्यांच्या वर कुठल्याच रोटरला काढता येत नाही हे जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ शंभर वर्षांपूर्वीच सांगून गेला. सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जायला वाटच राहणार नाही.

रिकामा वेळ म्हणून मी वाचलेली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरावर 1941 साली जगातली पहिली मेगावॅटच्या वरची पवनचक्की उभी राहिली, सव्वा मेगावॅटची, दोन पात्यांची, एकेक पातं आठ टनांचं. 1943मध्ये मुख्य बेअरिंग गेलं. युद्ध चालू, नवीन बेअरिंग मिळायला दोन वर्षं. पात्याच्या बुडाशी कमजोर जागा आहे हे तोवर माहीत झालं होतं, पण युद्धकाळात दुरुस्तीला माल नव्हता. मार्च 1945मध्ये मशीन परत सुरू केलं आणि 26 तारखेला पातं तिथूनच तुटून उडालं. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे तपासलं होतं. लिहिलं पण होतं.” मग ताईंनी डेन्मार्कचा तो व्हिडिओ काढला, 22 फेब्रुवारी 2008चा, वादळात ब्रेक निकामी होऊन मशीन मोकाट फिरतं आणि पातं टॉवरवर आपटून दोन-तीन सेकंदांत सगळ्याच्या चिंध्या होतात. सगळ्यांनी आधी शंभर वेळा बघितलेला, तरी परत सगळे वाकून बघत होते.

उरलेला वेळ रेंचच्या कॅलिब्रेशनचे कागद आणि कंपनांचे आलेख बघण्यात गेला. चारनंतर वारा उतरला पण वर जायला उशीर झाला होता.

दिवस पाचवा

वारा 6. पहाटेच वर. आज हब, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो पुढचा पोकळ गोळा. त्यात शिरायच्या आधी रोटर खरोखरचा जखडावा लागतो, ब्रेक लावून, फिरवून छिद्रासमोर छिद्र आणून लोखंडी पिन आत ढकलायची. पिन बसल्याचं पोराने सांगितलं, दादांनी जाऊन बघितलं, मग ताईंनी. तीनदा. मग मला जा म्हणाले.

आत म्हणजे मोठ्या कढईत बसल्यासारखं, तीन बाजूंना तीन पात्यांची भोकं, पायाखाली काहीच सपाट नाही. प्रत्येक पात्याला स्वतःची मोटर, स्वतःची बॅटरी. ताईंची ही आवडती टेस्ट: मेन सप्लाय तोडायचा आणि बघायचं की पातं केवळ बॅटरीवर पूर्ण वळून वाऱ्याच्या कडेला जातं का. तो डेन्मार्कचा व्हिडिओ बघून चोवीस तास झाले नव्हते त्यामुळे मी श्वास रोखूनच बघत होतो. दोन पाती झपकन गेली. तिसरं गेलं, पण सेकंदभर रेंगाळून. बॅटरीचा सेट बदलला, वरती ओढून आणण्यात आणि जुना उतरवण्यात तीन तास गेले.

मधल्या वेळात दादांनी मला पात्याच्या आत नेलं. पात्याच्या बुडातून आत शिरता येतं, गॅस डिटेक्टर आधी पुढे, मग आपण. पुढे जाल तसं ते अरुंद होत जातं, टॉर्चच्या उजेडात काचतंतूचं फिकट हिरवट कवच, मधल्या भागात हलकं बाल्सा लाकूड, आणि आपला आवाज नळीतून आल्यासारखा. छोट्या हातोडीने ठोकत जायचं, चिकटलेलं आहे तिथे टण्ण, थर सुटले असतील तिथे भद्द. माठ विकत घेताना वाजवतात तसंच. मग वीज पडली तर ती खाली नेणाऱ्या तारेचा रेझिस्टन्स मोजला. पात्याच्या टोकाजवळ पाणी निथळायला बारीक भोक असतं, तेही मोकळं लागतं, कारण आत पाणी साचलं आणि वीज कोसळली तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन पातं आतून फुटू शकतं.

बाहेरची बाजू दुपारी ड्रोनने बघितली, एकेक पातं खाली सरळ लोंबतं ठेवून. कडेवर टोकाकडच्या भागात रंग उडून खरखरीत झालेलं होतं, ताशी 250ने धावताना पावसाचा थेंबही छर्‍यासारखा लागतो. खरखरीत कडेमुळे वीज काही टक्के कमी होते, म्हणून दुरुस्तीच्या यादीत टाकलं, पण ते दोरावरून लटकून काम करणाऱ्या वेगळ्या टीमचं काम.

शेवटी मी माझी बॅग घ्यायला नॅसेलच्या मागच्या बाजूला गेलो, दमलेलो, पाय उचलत नव्हते. एवढं लक्षात ठेवा. अंधार पडला होता म्हणून मशीन उद्या सुरू करू असं ठरलं.

दिवस सहावा

आवराआवर. हत्यारं मोजली, तेलाच्या चिंध्या मोजून खाली आणल्या, पिन काढली, माणसं मोजली, चार कुलुपं चौघांनी आपापल्या हाताने काढली. वारा साडेपाचचा, मशीन निघायला तीन-चार पुरतो. दादांनी मला बटण दाबायला दिलं.

नॅसेल थोडी वळली, पाती तिरकी झाली, रोटर उचलला. जनरेटरच्या फेऱ्यांचा आकडा चढत चालला, 300, 600, 900... आणि पाती परत सरळ. स्क्रीनवर अलार्म: रोटरचा वेग आणि जनरेटरचा वेग जुळत नाही.

सगळे गप्प. ताईंनी लॉग बघितला, पुढचा सेन्सर बरोबर दाखवतोय, मागचा मध्येच गळतोय. मागचा सेन्सर ब्रेक डिस्कच्या बाजूला, एका पट्टीवर, डिस्कपासून काही मिलिमीटरवर. काल तिथे कोणाचं काम नव्हतं. दादा माझ्याकडे वळले, “काल बॅग घेताना पाय कुठे ठेवलास?”

आठवलं. पट्टीसारखं काहीतरी होतं, पायाला आधार वाटला. पाच दिवस हेच दादा पोराला सांगत होते की गरज नसेल तिथे हात लावू नको, निम्मे बिघाड सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशी होतात ते आपणच करून ठेवलेले असतात. मी ते लिहूनसुद्धा घेतलं होतं.

दादा रागावले नाहीत. म्हणाले लिस्टमध्ये एक ओळ वाढव, ‘वेगाच्या सेन्सरचं अंतर, मिलिमीटरमध्ये, उतरण्याआधी शेवटचं’, आणि तिथे टिक मारायची जागा ठेवू नकोस, आकडाच लिहायला लाव. लिफ्टची तपासणी अजून झालेली नव्हती. पोरगा हसू दाबत माझं हार्नेस घेऊन आला, मी परत कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि शिडीला हात घातला. ह्या वेळी एकोणीस मिनिटं लागली.